निकेलचा थर

थोरला जाऊन वर्ष होत आलं, तरी वर्कशॉपमध्ये त्याचं खाकरणं धाकट्याला रोज ऐकू यायचं. जोडकामाची गॅसची टॉर्च पेटवली की पाठीमागे, अगदी मानेशी. दचकून वळावं, तर मुलाम्याच्या टाकीपाशी वहिनी उभी असायची, नवऱ्याच्या जागी, नवऱ्याचेच ढगळ हातमोजे घालून.

दोघा भावांचं काम वाटलेलं होतं. थोरला पोलादी नळ्यांना निकेलचा मुलामा द्यायचा, धाकटा त्या ब्रेझिंगने, म्हणजे मधे दुसरा धातू वितळवून, जोडायचा. मुलामा केसाहून पातळ, पण सगळी मदार त्याच्यावर. वितळलेला जोडधातू थेट पोलादाला भिडला की मधे काचेसारखा ठिसूळ थर धरतो. निकेल मधे असलं की तो धरत नाही. असाच एक ठिसूळ जोड दाबाच्या चाचणीत फुटला तेव्हा थोरला नेमका समोर उभा होता.

तपासनिसाने निकाल दिला, जोडावर निकेलचा मागमूस नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. थोरला मुलामा द्यायला विसरला, आपल्याच हाताने मेला. धाकट्याला खरं ठाऊक होतं, पण बेट्याने तोंडाला कुलूप घातलं. पहिल्या दिवशी बोलवेना, मग रोज थोडं थोडं जास्तच जड जायला लागलं.

त्या सकाळी वहिनीने चकचकीत नळ्यांचा ट्रे त्याच्यापुढे आणून ठेवला. "नीट बघून घ्या, भाऊजी. तुमच्या भावासारखी मी विसरभोळी नाही."

पाठीमागे कुणीतरी खाकरलं. धाकट्याने टॉर्च बंद केली.

"दादा विसरला नव्हता, वहिनी."

"म्हणजे?"

"मुलामा मी घासून काढला. जोडायच्या आधी नळी पॉलिश पेपरने लख्ख करायची, वीस वर्षांची सवय. मुलाम्याचं काम तेव्हा आपल्याकडे नुकतंच सुरू झालं होतं. त्या घाईत हात आपसूक चालला. लक्षात आलं तेव्हा दादा चाचणीला उभा राहिला होता, आणि मला वाटलं, एवढ्याने काय होतंय."

आता ही अंगावर धावून येईल, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. खरं तर त्याला तेच हवं होतं. वहिनी मात्र मटकन स्टुलावर बसली.

"वर्षभर मी त्यांच्या फोटोकडे पाठ करून झोपले," ती म्हणाली. "पोरांच्या देखत त्यांना निष्काळजी म्हटलं. आता माफी कुणाकडे मागू, भाऊजी? बोला ना."