दोन बाडं

मी बाइंडर. चौतीस वर्षं लोकांची पुस्तकं शिवतोय, आणि घातलेली शिवण उसवा म्हणणाऱ्याला दुकानात उभं करत नाही. त्यामुळे नव्या डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "हे सगळे कागद सुटे करून तारखेप्रमाणे लावून आणा," तेव्हा माझं डोकंच फिरलं.

कागद माझ्या मुलीचे, ठमीचे. वय एकोणीस. नऊ वर्षं तिला फिट्स यायच्या. पळताना, जिना चढताना, एकदा तर घड्याळाचा गजर वाजला म्हणून. मेंदूचे डॉक्टर गोळ्या बदलत होते. मधूनच धडधडायचं, त्यासाठी हृदयाचे डॉक्टर वेगळे. मी पडलो शिस्तीचा माणूस. डोक्याचे कागद निळ्या पुठ्ठ्यात बांधले, छातीचे लाल पुठ्ठ्यात, वर सोनेरी अक्षरं. ज्याचं बाड त्याच्यापुढे. निळ्यावाल्यांनी लाल कधी पाहिलं नाही, लालवाल्यांनी निळं. एवढा टापटिपीचा पेशंट त्यांना दुसरा मिळायचा नाही, असं वाटून मी मनात खूश असायचो.

घरी येऊन चडफडत सुरी घेतली. तोंड बंद ठेवून कापलंत तर निदान कागद तरी वाचतील, असं बायको म्हणाली. मग टेबलावर पत्त्यांसारखी पानं मांडली. बायको तारखा वाचायची, ठमी लावायची. अर्ध्या तासानं ठमीचा हात थांबला. फिटचा कागद आणि ठोके बिघडल्याचा ईसीजी, तारीख एकच. असं एकदा नाही, पाच वेळा. आणि मी माझ्या हातानं त्यांना वेगवेगळ्या पुठ्ठ्यांत शिवलं होतं. मला फार लाज वाटली.

डॉक्टरीणबाईंनी सगळं दोनदा पाहिलं. हृदयाची लय बिघडते, मेंदूला क्षणभर रक्त पोचत नाही, म्हणून ही कोसळते, असा त्यांचा अंदाज. दिसायला फिट, पण मूळ छातीत. तपासण्या करून खात्री करावी लागेल, पण उपाय आहेत. फक्त हे बऱ्याचदा घराण्यातून येतं. घरात आणखी कुणी असं पडलंय का, ते कळलं तर नेमकं उत्तर लवकर सापडेल.

"नाही," मी सवयीनं म्हणालो.

बायकोला तरी काय ठाऊक असणार? मी दुकानात दोनदा पडलो होतो, आणि पुठ्ठे चिकटवायच्या सरसाचा वास चढला असं स्वतःचंच समाधान करून घेतलं होतं. आजारी म्हणवून घेणं माझ्या स्वभावात नाही. पण समोर पोरगी बसली होती, नऊ वर्षांच्या गोळ्या गिळून.

"मी पडलोय," मी म्हणालो. "दोनदा. पहिल्यांदा ही जन्मायच्या आधी."

मला लगेच शेजारच्या खोलीत नेलं, ठमीही मागोमाग आली. ईसीजी काढणाऱ्या ताईंनी बूट काढून झोपायला सांगितलं. मी घाईत नाडीचं भलतंच टोक ओढलं आणि बुटाची गाठ आवळून बसली.

"बाबा, हे आधी सांगितलं असतंत तर..."

ठमीनं वाक्य तिथंच सोडलं, माझ्यापुढे खाली बसली आणि माझ्या बुटाची गाठ सोडायला लागली.