हलका हात

आमच्या कराटेच्या डोजोत, म्हणजे फर्निचरच्या गोदामावरच्या त्या लांबट खोलीत, माझे वडील मला ताई म्हणतात. खालच्या पट्ट्याने वरच्या पट्ट्याला मान द्यायचा, असा तिथला नियम. माझा पट्टा काळा, बाबांचा पांढरा. नवे आणि मुरलेले सगळे पट्ट्याच्या क्रमाने एकाच रांगेत उभे राहतात, त्यामुळे मी या टोकाला आणि बाबा त्या टोकाला, दुसरीतल्या मुलांच्याही पलीकडे. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस, आई गेल्यावर घरात भिंतीकडे बघत बसायचा. मीच त्यांना ओढत इथे आणलं. मग मात्र डोजोच्या दिवशी पांढरे कपडे इस्त्री करून तासभर आधीच दाराशी उभे. "चला ताई, उशीर होतोय," म्हणून माझा पिच्छा पुरवायचे.

बाबांचा सगळा जीव सान्चिनवर. जपानातल्या ओकिनावाची ही जुनी काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका. दिसायला काहीच नाही. पाय आत वळवून जमिनीत रोवायचे, अंग आवळायचं आणि पोटातून श्वास सोडत हळूहळू पुढे सरकायचं. ते चालू असताना सर मागून येतात आणि खांद्यांवर, पाठीवर तळहाताने थापा मारतात, अंग कुठे सैल पडलंय ते बघायला. ज्याला जेवढं झेपेल तेवढ्याच जोराने. लहान मुलांना नुसता चापट्यांचा प्रसाद, आम्हाला सणसणीत. तुम्ही तयार होत गेलात की थापही वजनदार होत जाते. पट्टा बदलायला वेळ लागतो, थाप आधीच सगळं सांगून टाकते. बाबा घरी आले की आरशात खांदा बघायचे. लाल दिसला की स्वारी खूश, भाजीत मीठ नसलं तरी तक्रार नाही.

मग एका सकाळी त्यांना जिन्यात चक्कर आली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, "पाणी कमी पितात, बाकी ठणठणीत आहेत. कराटे खुशाल करू दे."

माझा जीव काही भांड्यात पडला नाही. आईसुद्धा अशीच ठणठणीत होती. त्याच संध्याकाळी बाबा कपडे बदलत असताना मी सरांना गाठलं आणि धडधडीत खोटं बोलले. "सर, बाबांना मार लागू द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. त्यांना कळू देऊ नका, मनाला लावून घेतील."

सर "बरं" म्हणाले.

त्या दिवशी ते बाबांच्या मागे गेले आणि धूळ झटकावी तसा हात फिरवून पुढे सरकले. पुढच्या वेळीही तेच. शेजारच्या पोराला बाबांपेक्षा जोरात बसली. बाबांनी मान वळवली नाही, काता चालू असताना वळवायची नसते. पण त्यांचा श्वास चुकलेला मला रांगेच्या या टोकालाही ऐकू आला.

मग इस्त्री बंद झाली. एकदा गुडघा दुखत होता, एकदा कंटाळा आला होता. चष्म्याच्या दुकानातलं काम आटपून मी घरी आले, तर बाबा पुन्हा भिंतीसमोर.

"सरांनी मला सोडून दिलं गं," ते म्हणाले. "बरोबरच आहे म्हणा. जुनी लिफ्ट आम्हीही अशीच नुसती पुसून ठेवायचो. चालतेय तोवर चालू दे."

तेव्हाच सांगायला हवं होतं. शरमेने मेल्यासारखं झालं, आणि तरी मी काय केलं, तर चहा टाकला आणि कप त्यांच्या शेजारच्या टेबलावर ठेवून आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सरांना खरं सांगितलं. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार. त्यांनी ठोसे मारायच्या खांबाला गुंडाळलेली दोरी घट्ट केली. "आज त्यांना घेऊन ये," म्हणाले. "थापा तू मारायच्या."

नाना मिनतवाऱ्या करून बाबांना आणलं. अंगरखा काढून ते उभे राहिले, पाय रोवले, श्वास सुरू केला. त्यांची उघडी पाठ इतक्या जवळून मी कधी बघितली नव्हती. मी हात उचलला. पण हात पडला तो धूळ झटकल्यासारखाच.

बाबा थांबले. काता कुणी मध्येच थांबवत नाही. मागे न बघता, मलाच ऐकू येईल असं म्हणाले, "सरांचा हात असाच पडत होता. म्हणजे सांगणारी तू."

"मी घाबरले होते, बाबा. डॉक्टर तसं काही म्हणालेच नव्हते. मी खोटं बोलले."

"तुझी आई गेल्यापासून माझ्या अंगाला कुणाचा हात लागायचा तो एवढाच," ते म्हणाले. "तोही तू काढून घेतलास."

एका घरात राहतो आम्ही.

बाबांनी पुन्हा पाय आत वळवले, अंग आवळलं. "पुन्हा, ताई."

मी मारली. आवाज खोलीभर झाला, दुसरीतलं एक पोर दचकलं. खांदा तसूभरही हलला नाही. दुसऱ्या खांद्यावर मारली, आणि या वेळी मला हात उचलून घेता येईना. तळव्याखाली तो खांदा गरम होता.

"पुढचं पाऊल राहिलंय, ताई," बाबा म्हणाले. पण पाऊल त्यांनीही टाकलं नाही.