तीन हिरवे ठिपके

माझ्या हातून घडलं ते मीच सांगतो. दुसरं कोणी सांगितलं तर माझी बाजू घेऊन सांगेल.

मी विद्यापीठात शिपाई. एकवीस वर्षं वर्ग उघडतोय, बंद करतोय. पोरं मला चावीकाका म्हणतात. एकवीस वर्षांत मला बसायला जागा मिळाली नाही. डबा जिन्याखाली, बादल्यांच्या शेजारी खायचा. प्राध्यापक जाता-येता दिसायचे. मी त्यांना दिसायचो नाही, बादली दिसायची, कारण ती ओलांडावी लागायची.

मग जुना मोठा वर्ग मोडून नवा करायचं ठरलं. आर्किटेक्ट बाई म्हणाल्या, जे वापरतात त्यांनाच विचारू. पोरं, प्राध्यापक, आणि कर्मचाऱ्यांतून माळी आणि मी. मला छापील पत्र आलं, माझ्या नावाचं. ते मी बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

"बसायला खोली मागणार आहे," मी म्हणालो.

"घरात दोन आहेत, त्यात कधी टेकता का?" ती म्हणाली. पण पत्र तिनंच जपून कपाटात ठेवलं.

त्या वर्गात पहिल्या रांगेत एक मुलगी बसायची. तिला ऐकू येत नाही. शिकवणाऱ्याचे ओठ बघून शिकते. दोन वर्षं तिची खुर्ची फळ्यासमोर मधोमध मीच लावायचो. कोणी पडद्यासाठी सगळे दिवे घालवले, तर पुढचा एक गुपचूप लावून द्यायचो. बैठकीच्या आदल्या दिवशी तिनं मला व्हरांड्यात गाठलं. बोलते ती सपाट, शब्द जपून.

"काका, गोल टेबलं येणारेत म्हणे. सर मधून फिरत शिकवणार. मला त्यांची पाठच दिसेल. तेवढं सांभाळा. नाहीतर मला हे शिक्षण सोडावं लागेल."

"मी आहे ना," मी म्हणालो.

बैठकीत प्रत्येकानं आपली मागणी चिठ्ठीवर लिहून भिंतीला लावली. मग प्रत्येकाला तीन चिकट ठिपके मिळाले, पोरांना निळे, आम्हाला हिरवे. पटेल त्या चिठ्ठीवर लावायचे, तिन्ही एकीवर लावले तरी चालतील. पाच ठिपके मिळाले तर मागणी नकाशात. कमी पडले तर 'इतर' लिहिलेल्या पाकिटात.

तिची चिठ्ठी होती, 'शिकवणाऱ्याचा चेहरा कायम समोर दिसेल अशी जागा ठेवा.' तिचे स्वतःचे तीन आणि मैत्रिणीचा एक, असे चार ठिपके. माझी होती, 'कर्मचाऱ्यांना बसायला खोली.' माझ्या चिठ्ठीवर माळ्यानं दोन लावले होते. तिसरा त्यानं बागेच्या नळाच्या चिठ्ठीवर उधळला. म्हणजे तिला एक हवा होता आणि मला तीन. माझ्या हातात तीनच होते.

"लाव की!" माळी माझ्या कानाशी म्हणाला. "जीव जातोय काय तुझा?"

"त्या पोरीला एक कमी पडतोय."

"तिला कोणीही देईल. तिच्यासाठी सगळे हळहळतात. आपल्यासाठी कोण हळहळतंय?"

"खरंय," मी म्हणालो. "तिला कोणीही देईल."

हे मी हळूच म्हणालो. पण माझं तोंड तिच्याकडे होतं, आणि समोरच्या भिंतीपाशी उभी राहून ती माझ्या ओठांकडेच बघत होती. तिनं नजर खाली घेतली. मी तिन्ही ठिपके माझ्या चिठ्ठीवर लावले. अंगठ्यानं दाबून.

तिला कोणीच दिला नाही. सगळ्यांनी माझ्यासारखाच विचार केला असणार. बाई म्हणाल्या, "बघा, कर्मचाऱ्यांचाही आवाज पोचला!" टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत उठून तिची अडचण सांगायला मला कोणी बंदी केली नव्हती. पण तोंड उघडलं असतं तर कोणीतरी म्हणालं असतं, मग तुमचा एक तिकडे लावा की काका. म्हणून मी गप्प बसलो. उगाच दुसरं कारण शोधत नाही.

वर्ग झाला. गोल टेबलं, चार भिंतींना चार पडदे. मला खोली मिळाली. खिडकी, टेबल, तीन खुर्च्या, शर्टाला खुंटी. पहिल्या दिवशी मी दार आतून लावून नुसताच बसून राहिलो. तिकडं वर्गात ती सरांच्या मागं मान फिरवत होती. सर तिच्या पाठीमागून बोलत, मग खिडकीशी जात, मग कोपऱ्यात. तिसऱ्या आठवड्यात ती यायची बंद झाली.

गणिताच्या बाई माझ्या दारात आल्या. "ती नाव काढून घ्यायला निघाली होती, मी थांबवलंय. आठवड्यातून तीनदा समोर बसवून शिकवीन तिला. पण एक खोली मोकळी नाही हो. तुमची द्याल?"

"विचारून सांगतो," मी म्हणालो.

कोणाला विचारणार होतो? खोली माझी, चावी माझ्या कमरेला. एकवीस वर्षं साहेब लोकांकडून ऐकलेलं वाक्य माझ्या तोंडात तयारच होतं.

द्यायला मला चार दिवस लागले. दिली तर बाईंनी सगळीकडं सांगितलं, काकांचं मन केवढं मोठं! मोठ्या साहेबांनी सूचनाफलकावर माझे जाहीर आभार लावले. "संत झालास की रे," माळी म्हणाला. लोक पाठीवर थाप मारत होते आणि मी "त्यात काय एवढं" म्हणत होतो. एकालाही खरं सांगितलं नाही.

काल तास संपवून ती बाहेर आली आणि माझ्यासमोर थांबली.

"काका, सगळे म्हणतात, तुमचे आभार मानायला पाहिजेत." ती माझ्या ओठांकडे बघत होती. "मानू का?"

मी मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं. ठिपके, माळी, ते चार दिवस. फरशीकडे बघून. तिला एक अक्षर दिसणार नाही असं.

"दिसलं नाही," ती म्हणाली. "परत सांगा."

मी मान वर केली. "काही नाही गं," तिला नीट दिसेल असं म्हणालो. "जा तू, उशीर होईल."