पांढऱ्या टोपीची पाखरं

मी एक जुनी होडी आहे. ज्या वर्षी हव्वाचा निकाह याकूबशी लागला, त्याच वर्षी माझा जन्म झाला. सुतार लग्नाचं जेवला आणि हात पुसून थेट माझ्या कामाला बसला. आधी बायको आली की आधी होडी, यावरून हव्वा-याकूबचं पुढे जन्मभर भांडण चाललं.

मित्रांनो, माझं सारं अंग माडाचं आहे. फळ्या माडाच्या, दोर काथ्याचे. मुशीच्या काळजाचं तेल चोळून मला काळी चकचकीत केली, तेव्हा बेटावरच्या म्हाताऱ्यांनी माझ्या नाळेवरून, म्हणजे पुढच्या उंच, वाकड्या टोकावरून हात फिरवला आणि म्हणाले, "पोरगी चालेल." मी चालले. कुप्याच्या, म्हणजे ट्यूना माशाच्या, मासेमारीत माझ्याइतकी वर्षं आमच्या बेटावर दुसऱ्या कुठल्याच होडीनं काढली नाहीत.

माझ्या पोटात एक खण होता आणि त्याच्या बुडाला मुद्दाम ठेवलेली भोकं होती. बुडाला भोकं असलेली होडी बुडत कशी नाही, असं तुम्हाला वाटेल. पण त्या भोकांतून ताजं पाणी आत-बाहेर खेळायचं आणि त्यात आमिषाची चंदेरी मासळी जिवंत राहायची. पहाटे खडकाजवळ ती पकडायची आणि मग बाहेर मोठ्या समुद्रात जायचं. तिथं गेल्यावर मात्र कुणी पाण्याकडे बघत नसे. सगळे आभाळाकडे बघत. कुपा पाण्यात असतो, पण त्याचा पत्ता पाखरांकडे असतो.

लोकांना वाटतं, समुद्र सगळीकडे सारखा. तसं नाही. पाखरांनी तो आपसांत वाटून घेतला आहे. माड दिसतात तोवर मानेवर काळी रेघ असलेले बारके पांढरे सुरय. तळ खोल गेला की मारंगा, अंगानं तपकिरी आणि डोक्यावर पांढरी टोपी. त्याहून पुढे काळ्या पाठीचे सुरय. ते लहानपणी घर सोडतात ते वर्षानुवर्षं जमिनीला पाय लावत नाहीत, उडता उडता झोपतात. आणखी पुढे लाटेला पंख घासत जाणारे परदेशी पाहुणे. ते एका मोसमात येतात आणि निघून जातात. या सगळ्यांच्या वर होरा घिरट्या घालतो. दुसऱ्याचा घास हिसकावणारा तो लुटारू, पण पाण्यावर बसला तर पंख भिजून मरेल.

आमचा केयोळू, म्हणजे होडीचा मुख्य, याकूब होता. पाखरं वाचावी तर त्यानंच. तो म्हणायचा, "मारंगा सकाळी घरून निघतो नि संध्याकाळी घरी जातो. चांगल्या माणसासारखा. वाट चुकलात तर त्याच्या मागं जा."

मारंगांचं घर म्हणजे आमच्या शेजारचं एक निर्जन बेट. नुसती झुडपं आणि घरटी. ईद जवळ आली की इतर होड्या तिथून टोपल्या भरून अंडी आणायच्या, परतताना सरपणही तोडायच्या. हव्वाचा धाकटा भाऊ इदुरीस माझ्यावर शीड सांभाळायचा. जिभेचा तिखट गडी. तो कुरकुरायचा, "बेबे, सगळ्यांच्या घरी अंडी शिजतात. आपणच काय पाप केलंय?"

याकूब त्याला थोरल्या भावाच्या जागी, म्हणून ही 'बेबे' हाक. तो म्हणायचा, "ने की. आणि उद्या वाट चुकलास की अंड्यालाच विचार, घर कुठाय म्हणून."

"ऐका रे! केयोळूचं खरं सासर त्या बेटावर आहे. मारंगा सगळे याचे मेहुणे."

"असू देत. तुझ्यापेक्षा कमी बोलतात."

सगळे हसायचे. पण याकूबनं त्या बेटाला माझी नाळ कधी लागू दिली नाही.

मग एका वर्षी त्याचा तळवा माझ्या काठावरून चाचपत चालू लागला. बाकी कुणाला कळलं नाही, मला कळलं. जन्मभर पाण्यावरची लखलख बघून त्याच्या डोळ्यांत ढग उतरला होता. तो इदुरीसला विचारायचा, "तिकडं कुठली पाखरं आहेत रे? तुझी परीक्षा घेतोय." इदुरीस फुशारून सांगायचा. याकूब मान हलवायचा आणि सुकाणू वळवायचा.

तो का लपवत होता, सांगते. डोळे गेलेल्या केयोळूला होडी सोडावी लागते. मग किनाऱ्यावर बायकांत बसून काथ्या वळायचा. इदुरीसनंच एकदा दुसऱ्या एका म्हाताऱ्याची तशी थट्टा केली होती. याकूब तेव्हा हसला होता, पण सुकाणूवरची त्याची मूठ आवळली होती.

एके दिवशी मासळी उदंड मिळाली आणि वारा पडला. प्रवाहानं आम्हाला ओढत नेलं. माडांचे शेंडे पाण्याखाली गेल्यासारखे दिसेनासे झाले. उन्हं उतरल्यावर थोडा वारा सुटला. पश्चिमेला काळपट थवा चाललाय, असं कुणीतरी ओरडलं.

"मारंगा घरी निघाले," याकूब म्हणाला. "त्यांच्या मागं घ्या."

केयोळूनं सांगितल्यावर कोण पुन्हा वर बघतो? शीड भरलं, मी निघाले. बराच वेळ गेला. मग इदुरीस म्हणाला, "बेबे, ही पाखरं खाली का येत नाहीत? वरवरच चाललीत."

याकूबनं कान टवकारले. मग हळूच विचारलं, "शेपटी कशी आहे?"

"कात्रीसारखी."

याकूबनं सुकाणू तिथंच रोखलं. कात्री शेपटीचे, काळ्या पाठीचे. ज्यांना घर नाही त्यांच्या मागे तो आम्हाला घेऊन चालला होता. पुढे अरबस्तानापर्यंत नुसतं पाणी. पिण्याचं पाणी म्हणावं तर मडक्याच्या तळाशी थोडं उरलेलं.

"इदुरीस, मला दिसत नाही रे."

"काय दिसत नाही?"

"काहीच. वर्ष झालं. नुसतं धुकं."

सगळ्यांनी ऐकलं. मला वाटलं, आता इदुरीसची जीभ सुटणार. पण त्यानं एवढंच विचारलं:

"म्हणजे परीक्षा घेत होतास ते?"

"तुझे डोळे उसने घेत होतो."

"वर्षभर? आणि मी मेला घरी जाऊन ताईपुढं मिरवायचो, केयोळू मला तयार करतोय म्हणून!" तो शीड दुसऱ्याच्या हाती देऊन याकूबच्या गुडघ्याशी येऊन बसला. "हं, घे परीक्षा. काय बघू?"

"वर बघू नकोस. खाली, पाण्यालगत बघ."

"पाणीच आहे... थांब. एक आहे. सगळं अंग काळपट."

"डोक्यावर?"

"टोपी! नमाजाला उशीर झालेल्या काझीसारखा पळतोय."

"गळा?"

"फुगलाय."

"पिल्लांचा घास आहे. वळतोय की सरळ?"

"सरळ. घरून कुणी हाक मारल्यासारखा."

"माझा हात धर. त्याच्याकडे वळव."

दोघांच्या हातांनी सुकाणू वळलं. पाखरू पुढे निघून गेलं, पण मागून दुसरं आलं, मग जोडी आली. सगळ्यांची वाट एक. अंधार पडल्यावर इदुरीसचे डोळे संपले तेव्हा याकूबचे कान कामाला आले. दुरून घरट्यांची करकर ऐकू आली, शिटेचा उग्र वास आला. जन्मात पहिल्यांदा माझी नाळ त्या बेटाच्या वाळूला लागली. कुणी अंड्याला हात लावला नाही. इदुरीस तर पाऊलसुद्धा चाचपून टाकत होता.

सकाळी घरी पोचलो, पण होडीवरच्या कुणी गावात याची वाच्यता केली नाही. पुढची कित्येक वर्षं याकूब सुकाणूवर आणि इदुरीस त्याच्या गुडघ्याशी, असंच चाललं. हव्वाला मात्र आधीपासून ठाऊक होतं. ती वर्षभर त्याचा सुपारीचा डबा एकाच जागी ठेवत आली होती.

मग इंजिनाच्या होड्या आल्या. मला झावळ्यांच्या छपराखाली ओढून ठेवलं. माझ्या पोटात खेकडे राहू लागले. याकूब दुपारी येऊन मला टेकून बसायचा आणि काथ्या वळायचा. त्याची त्याला लाज उरली नव्हती. इदुरीस समुद्रावरून आला की आधी तिथं यायचा. "आज मारंगा कमी दिसले, बेबे." दर वर्षी कमीच दिसायचे.

मित्रांनो, माझं आता काही मागणं नाही, मी लाकूड आहे. पण त्या बेटावर थोडीच झुडपं उरली आहेत, ती तोडू नका. घरट्यात अंडी दिसली तर मागच्या मागे फिरा. समुद्रात दिवा लावायला जागा नसते. तिथं संध्याकाळी घराकडे निघालेलं एखादं पाखरू हाच दिवा असतो.

इदुरीस आता थकला आहे. संध्याकाळी येतो, माझ्या काठावर बसतो आणि पाण्यालगत बघत मोठ्यानं सांगतो, "दोन आले, बेबे. गळे भरलेत." ऐकायला मी असते.

इदुरीसच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षी, मोठ्या ईदच्या आदल्या दिवशी, याकूब केयोळू वारला. हव्वा त्याच्यामागून दोन वर्षांनी गेली.