मरियामातेचा चेहरा

चर्चमधल्या नव्या चित्रावरचा पडदा बाजूला झाला, तेव्हा ताई पुढच्याच बाकावर बसली होती. चित्र तिच्या धाकट्या भावाचं. लहानपणी तो कोळशानं भिंती रंगवायचा आणि त्याच्या वाट्याचा आईचा मार ताई खायची. आज तिचा ऊर भरून आला होता.

क्रुसावरून उतरवलेला येशू मरियामातेच्या मांडीवर होता. मातेच्या अंगावर निळं वस्त्र, ओठ अर्धवट उघडे, आणि डाव्या हाताच्या चिमटीत लेकाच्या कापडाची कड. शिंप्याच्या दुकानात काज-बटणं करताना ताई कापड तसंच धरायची. दवाखान्यात तिच्या एकुलत्या एका मुलानं प्राण सोडला, तेव्हा त्याच्या शर्टाची कॉलरही तिनं तशीच धरली होती. खोलीत त्या दोघांखेरीज फक्त भाऊ होता.

ताईनं पुन्हा मातेच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा तिचाच होता.

शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, "काय चेहरा काढलाय हो! अगदी जिवंत."

लोक पांगल्यावर ताईनं भावाला बाजूच्या दारापाशी गाठलं.

"त्या दिवशी दवाखान्यात भिंतीला टेकून तू रडत होतास ना रे?"

"रडतही होतो, ताई."

"रडत'ही'?"

त्यानं मान खाली घातली. "नजरच हटेना. या चित्रासाठी किती चेहरे काढून फाडले होते मी. नुसत्या सुंदर बाया. तुला बघितलं आणि... तसा चेहरा मला पुन्हा मिळाला नसता."

"विचारायचंस तरी."

"तू नाही म्हणाली असतीस."

"पुसून टाक."

"आता कसा पुसू? लोक मेणबत्त्या लावायला लागलेत. ती आता तू नाहीस, माता आहे."

"मातेचं मला सांगू नकोस," ताईचा आवाज चिरकला. "तिचा लेक गेला, तेव्हा तिचा भाऊ तिचं तोंड निरखत उभा नव्हता."

भावानं पुढे केलेला हात तिनं झटकला आणि ती पायऱ्या उतरून गेली.

आता ती दोन बस बदलून लांबच्या चर्चला जाते. तिथली मरियामाता प्लास्टरची आहे, गुलाबी गालांची, कुणासारखीच न दिसणारी. ताईला तीच बरी वाटते.

भाऊ अजून घरी येतो. ती चहा टाकते, त्याच्या मुलीची चौकशी करते. गेलेल्या मुलाचा विषय निघाला, की मात्र उठून आतल्या खोलीत जाते आणि दाराला कडी घालते. बाहेर भाऊ बसून राहतो. कधी हाक मारतो, कधी तसाच निघून जातो.