गाठ मारलेला रुमाल

मी एक जुना ड्रम आहे मित्रांनो, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा. ताणलेला असलो तरच मला बोलता येतं. कातडं सैल पडलं की माझा आवाज ओल्या पोत्यासारखा येतो.

माझा जन्म फौजेच्या बँडसाठी झाला. अंग लाकडाचं, वर-खाली वासराचं कातडं आणि खालच्या कातड्याला लागून आतड्याच्या ताती. वरून काठी पडली की ताती थरथरतात आणि मी तडतडतो. लढाई संपली, फौज गेली, आणि मी नार्सिस नावाच्या सिगार वळणाऱ्या माणसाच्या घरी आलो. मला सवय डाव्या-उजव्या पावलांची. नार्सिसची आजी मात्र गुलामीच्या काळात दर रविवारी मैदानात जमून नाचणाऱ्यांपैकी. शेवटचा ठोका जरा रेंगाळून मारायचा, हे त्याने तिच्याकडून उचललं होतं. फौजेची कवायत आणि आजीचा नाच त्याने माझ्या एकाच कातड्यावर आणून बसवले.

"नार्सिस, तुझा ड्रम लंगडतो रे!" लोक चिडवत.

"लंगडतो कुठला, नाचतोय तो!"

असल्याच चालींना पुढे जगाने जॅझ म्हटलं.

सोमवार आमच्याकडे राजमा-भाताचा. तो शिजेपर्यंत नार्सिस जेवणाच्या टेबलावर बोटांनी तोच ठेका धरायचा. चमचे किणकिणायचे. "टेबल फोडशील! जरा गप्प बसवत नाही का?" त्याची बायको क्लेमान्स ओरडायची.

मग नार्सिस छातीच्या दुखण्याने गेला.

आमच्याकडे वाजवणारा गेला की बँडच त्याला थडग्यापर्यंत पोचवतो. जाताना माझ्या ताती आणि कातडं यांच्यामध्ये रुमाल खुपसतात, म्हणजे मी फक्त थप, थप एवढंच बोलतो. पेटी थडग्यात ठेवून परत कोपऱ्यावर आलं की रुमाल ओढून काढायचा आणि नाचत घरी जायचं. रुमाल निघाला म्हणजे माणूस सुटला.

त्या दिवशी मला गळ्यात अडकवलं लाझारने. हाही ड्रमवाला, नार्सिसचा जन्माचा प्रतिस्पर्धी. घरी भांडायला यायचा आणि जेवून जायचा. रुमाल क्लेमान्सने स्वतःच्या हाताने घातला होता.

कोपऱ्यावर लाझारने तो ओढला. निघेना. पुन्हा ओढला. मग त्याने मला उलटं केलं. रुमाल तातींना चक्क गाठ मारून बांधलेला!

मागे नाचताना फिरवायच्या छत्र्या उघडून निम्मी वस्ती उभी. पुढच्या नाक्यावर घोड्यांवर पोलीस. गर्दी थांबली, एवढं निमित्तही त्यांना काठ्या चालवायला पुरायचं.

"लाझार, झोपलास का?" मागून कोणी ओरडलं.

"वहिनी," लाझार शेजारी चालणाऱ्या क्लेमान्सला हळूच म्हणाला, "ही गाठ तुम्ही मारलीत?"

"मारली."

"सोडा. लोक थांबलेत."

"थांबू देत. हा वाजला की तो गेला. नाही जायचं त्याने."

कोणीतरी चाकू पुढे केला. माझ्या ताती शहारल्या.

"ठेव तो खिशात!" लाझार खेकसला. "त्याच्या ताती आहेत त्या."

एक घोडा दोन पावलं पुढे आला. गर्दी मागे सरेना. लाझारने काठ्या काखेत मारल्या आणि बोटांनी माझ्यावर ठेका धरला. सोमवारचा, टेबलावरचा.

क्लेमान्सने मान वर केली. "चुकतोस."

"मग कसा?"

"शेवटचा ठोका उशिरा. इतकी वर्षं माझ्या हातचा राजमा-भात खाल्लास, एवढंही कळलं नाही?"

"दाखवा."

तिने तीन ठोके मारले आणि थांबली. इतकी थांबली की मला वाटलं, चौथा आता पडतच नाही. मग पडला. थप. रुमालाखाली गुदमरला. तिने पुन्हा मारला. थप.

"असा नव्हता वाजत," ती पुटपुटली. "चमचे कसे किणकिणायचे..."

आणि तिने वाकून गाठीला दात लावले.

गाठ सुटली. लाझारच्या काठ्या माझ्यावर पडल्या आणि मी असा तडतडलो की पुढचे घोडेच बिचकून बाजूला झाले. क्लेमान्स रुमाल डोक्यावर फिरवत, रडत चालत होती. नाचत होती असं नाही म्हणणार. पण तिचं पाऊल शेवटच्या ठोक्याला रेंगाळत होतं.

तसले रेंगाळणारे ठोके पुढे आगबोटींतून नदीने वर गेले, तबकड्यांवर चढून समुद्रापार गेले. अनोळखी भाषांची माणसं त्यांवर पाय हलवू लागली. मी इथेच राहिलो. आता एका शाळेच्या फडताळात आहे. मुलं धावली की तडतडतो, म्हणून कोणीतरी माझ्या तातींखाली फडकं कोंबलंय.

मित्रांनो, माझं कातडं कोरडं ठेवा, ताती उंदरांपासून जपा. पण जपायचं म्हणून गप्प बसवू नका. या फडक्याला गाठ मारलेली नाही. नुसतं ओढा. आणि शेवटचा ठोका जरा उशिरा मारा.