भरतीसाठी ठेवलेला बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. उजव्या पायाचा. आत्ताआत्तापर्यंत लोक मला पाहून म्हणत, "अरे, हा तर नवाच दिसतोय!" त्यांचंही काही चुकत नव्हतं. माझा निळा रंग फारसा उडालेला नव्हता आणि नाडीची टोकंही शाबूत होती. बाकीचे बूट वापरून जुने होतात, मी ठेवून ठेवून जुना झालो. हे दुखणं वेगळंच असतं, आणि ते सांगायला माझ्याजवळ कधी कोणी नव्हतं. नाही म्हणायला माझा डावा जोडीदार होता. पण खोक्यात आम्हाला उलटसुलट झोपवलेलं असायचं, त्याची टाच माझ्या तोंडाशी. अशा अवस्थेत बोलणार तरी काय?

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. जाळीचं कापड शिवून माझं अंग तयार झालं, ते पायाच्या आकाराच्या साच्यावर ताणलं गेलं आणि खाली फेसासारखा हलका सोल गोंदाने चिकटवला गेला. त्या गोंदावर माझा फार भरवसा होता. लहानपणी सगळ्यांवरच असतो.

तिथून मी धाराशिवला खाजामियाँच्या दुकानात आलो. बाजारातलं ते अरुंद दुकान, एका भिंतीला बूट आणि समोरच्या भिंतीला जॅकेटं. माझं बालपण तिथे गेलं, आणि चार जणांत बसण्याचं सुख मला मिळालं ते तेवढंच. आमच्या फळीवर सगळ्यात वडीलधारे होते कॅनव्हासचे पांढरे बूट. गिऱ्हाईक नसलं की ते आमच्या घराण्याचा इतिहास सांगत. पूर्वी पळणारी माणसंही चामड्याचे जड बूट घालत. रबर होतं, पण ते उन्हात पातळ व्हायचं आणि थंडीत तडकायचं. मग परदेशात कोणाला तरी ते गंधक घालून शिजवायची युक्ती सापडली, आणि खाली रबर, वर कापड असे आमचे पूर्वज जन्माला आले. चालताना त्यांचा आवाज होईना, म्हणून गोऱ्यांनी त्यांचं नावच दबक्या पावलांवरून 'स्नीकर' ठेवलं. एवढं सांगून झालं की कॅनव्हासकाका शाळेतल्या शनिवारच्या कवायतीवर येत आणि ओला खडू फासून पोरं बूट कसे पांढरे करायची ते रंगवून सांगत. स्वतः एकदाही दुकानाबाहेर पडलेले नव्हते, पण तो भाग वेगळा.

जॅकेटांचा तोरा तर विचारूच नका. कमरेला आणि मनगटाला घट्ट पट्टी असलेलं एक फुगीर जॅकेट म्हणायचं, आमचे पूर्वज वैमानिकांच्या अंगावर असत, उघड्या विमानात गारठू नये म्हणून. टोपीवालं म्हणायचं, माझे आजोबा बर्फाच्या गोदामातल्या मजुरांसाठी शिवले होते. जीनचं जॅकेट खाणीतल्या कामगारांच्या गोष्टी सांगे. विंडचीटर बिचारं नुसतं सळसळायचं. आम्ही बूट त्यांना हसत असू. धाराशिवात थंडी ती काय, संक्रांतीच्या आगेमागे पडणार. उरलेलं वर्षभर ही वैमानिकांची नातवंडं पंख्याखाली धूळ खात लटकलेली. पण एवढं मला तिथे कळलं की आमच्यापैकी कोणीच शोभेसाठी जन्माला आलेलं नाही. प्रत्येकाच्या घराण्यात कोणीतरी कष्ट उपसलेले आहेत.

मग एका दुपारी बलभीमअण्णा आले. येरमाळ्याजवळ हमरस्त्याच्या कडेला त्यांचं पंक्चर काढायचं दुकान आहे, आणि दुकानामागेच घर. बरोबर त्यांची मुलगी होती, शिवांजली.

"बोलो बलभीमराव, आज किसके लिए?" खाजामियाँनी विचारलं.

"पोरीसाठी. पोलीस भरतीला पळायचंय तिला."

"माशाल्ला! मग हलका माल दाखवतो."

त्यांनी मला काढलं. शिवांजलीने पाय आत घातला आणि मित्रांनो, मला पहिल्यांदाच कळलं की माझ्या आतली पोकळी कशासाठी आहे. तिच्या अंगठ्यापाशी घट्टा होता, जुन्या बुटाने दिलेला. ती गल्लीच्या टोकापर्यंत पळत गेली आणि पळतच परत आली.

"कसं वाटतंय माय?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, पायात काय हाय असं वाटंनाच! मी घालूनच येते घरी."

"न्हाय. काढ. हे भरतीच्या दिशी घालायचे. तवर सरावाला जुने हायत की. नवं कोरं रस्त्यावर कशाला मोडायचं?"

तिने मला काढलं. अण्णांनी ओठांनी फुंकर मारून माझ्यावरची धूळ उडवली आणि मला खोक्यात ठेवलं. इतक्या मायेने मला कोणीच हाताळलं नव्हतं. त्या मायेनेच माझा घात केला, पण ते पुढे.

घर पत्र्याचं होतं. लोखंडी कपाटावर, पत्र्यापासून हातभर खाली, माझी जागा ठरली. खोक्याला बोटाएवढं भोक होतं, त्यातून मला दार दिसायचं आणि दाराजवळच्या खिळ्यावर टांगलेलं शिवांजलीचं लाल जॅकेट. शाळेच्या खो-खो संघात असताना मिळालेलं. झुंजुमुंजू झालं की ती उठे, जॅकेट अंगात घाले, फाटके जुने बूट चढवून बाहेर पडे. तिची पावलं लांब जात, मग ऐकू येईनाशी होत. परत आल्यावर जॅकेट घामाने ओलं असे. "आज कुठवर?" मी विचारी. "लांब," एवढंच ते म्हणे. दमलेल्यांना फार बोलवत नाही, आणि रिकाम्यांना गप्प बसवत नाही.

भरती काही येईना. आज येईल, उद्या येईल, पुन्हा पुढे गेली. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की मी आतल्या आत भाजून निघायचो. पावसाळ्यात ओल धरायची. अण्णा मधूनमधून खोकं खाली काढून झाकण उघडत, मला पाहत आणि समाधानाने पुन्हा वर ठेवत. खंडेनवमीला तर कमालच झाली. अण्णांनी पान्हे, जॅक, हवेचा पंप असं सगळं धुऊन मांडलं आणि शेजारी आम्हा दोघांना ठेवलं.

"अवो, पायताणाची कुठं पूजा असती व्हय?" कमलबाई, म्हणजे शिवांजलीची आई, म्हणाल्या. "देवी कोपंल!"

"पायताण न्हाय ते. पोरीचं हत्यार हाय."

मला हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल मिळालं. साऱ्या बूटजातीत असा मान कोणाला मिळाला असेल? आणि तरीही खरं सांगतो, त्या दिवशी मला दारातल्या फाटक्या बुटांचा हेवा वाटत होता. त्यांच्यावर फूल नव्हतं, चिखल होता.

"अण्णा, एकदा घालून बघू का? थोडंसंच," शिवांजली म्हणाली.

"आता इतकं थांबलीस, अजून थोडं थांब."

ती थांबली. बापाचा शब्द मोडणारी ती पोर नव्हती. त्या सुमारास माझ्या आत काहीतरी बदलत होतं. ज्या गोंदावर माझा एवढा भरवसा, तो सुकत चालला होता. सोल वरून गुळगुळीत दिसे, पण आतून कोरडा पडत होता. मला ते कळत होतं. ओरडून सांगावंसं वाटायचं. पण बुटाला जीभ असूनही बोलता येत नाही.

शेवटी तो दिवस आला. भरतीच्या मैदानाच्या फाटकाबाहेर अण्णांनी गुडघ्यावर बसून आमच्या नाड्या स्वतःच्या हाताने बांधल्या. "आता मागं बघू नको माय," ते म्हणाले. मुलींच्या रांगेत शिवांजली उभी राहिली, छातीवर क्रमांक. आठशे मीटर पळायचं होतं, म्हणजे मैदानाला दोन फेऱ्या. शिट्टी झाली.

मित्रांनो, मी पळालो! माती माझ्या तळव्याला लागत होती, सुटत होती, पुन्हा लागत होती. इतक्या काळाचं मुकेपण एका फेरीत फिटतंय असं वाटलं. शिवांजली पुढे होती. पहिली फेरी संपता संपता वळणावर माझ्या पुढच्या बाजूला काहीतरी उकललं. मी सगळा जीव एकवटून सोलला धरून ठेवायला पाहिलं. नाही धरता आलं. तो अर्धा सुटून लोंबायला लागला, तिच्याच पायाखाली आला आणि ती तोंडावर पडली.

चार मुली तिच्या पुढे निघून गेल्या. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात, नुसतं आश्चर्य होतं. मग तिने दोन्ही बूट ओढून भिरकावले आणि अनवाणी पळत सुटली.

मी मैदानाच्या कडेला पालथा पडलो होतो. मला काही दिसत नव्हतं. फक्त पावलं ऐकू येत होती, बुटांची धपधप आणि त्यांच्यामधून दोन अनवाणी तळव्यांचा आवाज. तो मी ओळखला. तो पुढे पुढे जात होता.

शिवांजली भरती झाली. पळण्यात तिचे थोडे गुण गेले, पण गोळाफेकीने आणि लेखी परीक्षेने ते भरून काढले. ज्या दिवसासाठी मला इतकं जपून ठेवलं होतं, तो दिवस माझ्यावाचून पार पडला. मला आनंद झाला हो, खरंच झाला. पण त्या आनंदात मला जागा नव्हती.

पळून झाल्यावर तिनेच आम्हाला उचलून आणलं होतं. फाटकाबाहेर अण्णांनी आधी तिचा ठेचाळलेला अंगठा पाहिला, मग मला हातात घेतलं. सोल बोटाने दाबला तर त्याचा भुगा झाला. त्यांचा चेहरा उतरला.

"उभ्या गाडीचा टायर आधी चिरतो, हे म्या रोज गिऱ्हाइकाला सांगतो," ते हळू आवाजात म्हणाले. "आन् पोरीच्या बुटाचं तेवढं कळलं न्हाय मला."

"अण्णा, जाऊ द्या ना. तुम्ही काय मुद्दाम केलंत?"

"मुद्दाम केलं असतं तर बरं होतं. म्या जपून केलं."

ती प्रशिक्षणाला गेली. तिकडे सगळ्यांना सरकारी बूट. लाल जॅकेट तिच्याबरोबर गेलं, खिळा रिकामा राहिला. अण्णांनी दुकानातल्या पंक्चर चिकटवायच्या सोल्युशनने आणि टायरच्या रबराच्या तुकड्यांनी आम्हाला नवे तळ बसवले. मापून, कापून, दाबून. असं काम त्यांनी मोटारीचंही कधी केलं नसेल. पण घालणार कोण? आम्ही पुन्हा कपाटावर गेलो, आता खोक्याशिवाय. आता मला सगळं घर दिसत होतं, आणि घरात दिसण्यासारखं काही उरलं नव्हतं. सवयीने कमलबाई पहाटे उठत, तीन कप चहा टाकत आणि एक कप तसाच ठेवून बसत.

एका पहाटे त्यांनी मला खाली काढलं. वास घेतला. मग इकडेतिकडे पाहून पदर खोचला आणि भेगाळलेले पाय आमच्यात घातले. माप थोडं सैल होतं. त्यांनी नाड्या करकचून, गाठीवर गाठ मारून बांधल्या, गोणीचं तोंड बांधतात तशा.

"अगं, कुठं निघालीस?" अण्णांनी अंथरुणातूनच विचारलं.

"पोरगी कुठवर जायची ओ रोज?"

"बंद ढाब्यापुढं चिंच हाय, येडशीच्या रस्त्याला. तिथनं माघारी फिरायची."

"जाऊन येते."

लुगड्याखाली निळे बूट पाहून रस्त्यावरच्या चहावाल्याने हाक मारली, "काकू, तुमी बी भरतीला काय?" कमलबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चालत राहिल्या. दम लागला, थांबल्या, पुन्हा चालल्या. चिंच येईपर्यंत ऊन वर आलं होतं. त्या झाडाखाली बसल्या आणि आलेल्या वाटेकडे पाहत राहिल्या. घर दिसत नव्हतं, येरमाळाही दिसत नव्हता.

"एवढ्या लांब यायचीस व्हय गं," त्या म्हणाल्या. "अंधारात. एकटीच. आन् म्या वरडायचे, च्या निवला म्हणून." मग त्या रडल्या. मी त्यांच्या पायात होतो, आणि त्या वेळी आम्ही दोघंही थोडे कमी एकटे होतो.

तेव्हापासून त्या रोज जातात. त्यांच्या चालण्याचा भार टाचेच्या बाहेरच्या बाजूला पडतो, म्हणून माझी ती कड घासत चालली आहे. काल नाडी तुटली, तिथे त्यांनी सुतळी ओवली. मी दिवसेंदिवस बेढब होत आहे आणि मला त्याचं काडीचंही दुःख नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कपाटावर एखादं खोकं असेल. लग्नासाठी ठेवलेलं जॅकेट, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबश्या, चांगल्या दिवसासाठी राखलेले बूट. ते उतरवा. आम्हाला धुवा, उन्हातून काढून सावलीत ठेवा, उसवलं तर वेळेवर टाका घाला, ही काळजी आम्हाला हवी आहे. पण झाकून ठेवू नका. आम्ही वाट पाहत असतो, आणि वाट पाहून पाहून आतून तुटतो.

परवा शिवांजलीचा फोन आला. कमलबाई नुकत्याच परतल्या होत्या, आम्ही पायातच होतो.

"आई, अण्णांनी तळ बसवलेले माझे ते निळे बूट हायत का गं वर? सुट्टीला आले की घालीन म्हणते."

कमलबाई ओशाळल्या. पाय लुगड्यात ओढून घेतले, जणू ती पाहतच होती. "न्हाईत माय," त्या म्हणाल्या. "म्या घातले. पार झिजवून टाकले बघ."

पलीकडे शिवांजली हसली. रडतही असेल, फोनवर काय कळतंय.

"लई बरं केलंस आई," ती म्हणाली.

माझ्याविषयी कोणी इतकं चांगलं कधीच बोललं नव्हतं.